सावली न देणाऱ्या झाडांच्या गावात : टूसॉनचा एक दिवस

भारतातून आईवडील आले की अ‍ॅरिझोनात त्यांना ग्रँड कॅन्यन दाखवायचा, हे ठरलेलंच असतं. तिथून येता-जाता एखादा दिवस हाताशी असेल तर तो दक्षिणेकडच्या टूसॉनला द्यावा. फिनिक्सपासून आय-१० महामार्गाने सुमारे ११५ मैल, पावणेदोन तास. नावातला 'सी' गिळायचा असतो. आणि ज्या उंच, हात वर करून उभ्या निवडुंगासाठी एवढं जायचं, त्याच्या स्पेलिंगमध्ये 'जी' असला तरी म्हणायचं 'सुवारो'.

हा दिवस मार्चच्या शेवटच्या आठवड्यातला. गाडीत सहा जण : दोन मुलं, आईबाबा, आजी-आजोबा. हवा पहाटे १० अंश सेल्सिअस, दुपारी २६-२७. इथला दिवस आखताना घड्याळापेक्षा ऊन बघायचं. उजाडताच बाहेर पडायचं, दुपारी सावली धरायची, संध्याकाळी पुन्हा बाहेर. बहुतेक कुटुंबं नाश्ता आटोपून दहाला निघतात आणि मग 'वाळवंटात बघायला काहीच नव्हतं' म्हणतात. दहापर्यंत प्राणी बिळात गेलेले असतात आणि मुलं किरकिरायला लागलेली असतात.

आदल्या रात्रीची तयारी

पाणी माणशी एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर. सहा जणांना सहा गॅलन. कोणत्याही किराणा दुकानात गॅलनचे कॅन मिळतात, तेच गाडीत टाकायचे आणि प्रत्येकाची बाटली त्यातून भरायची. मुंबईत घाम अंगावरून ओघळतो, त्यामुळे पाणी प्यायची आठवण राहते. इथे हवा इतकी कोरडी की घाम दिसायच्या आधीच वाळतो आणि तहान लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. नुसतं पाणी पीत राहिलं तर डोकं दुखायला लागतं, कारण मीठ कमी पडतं. चिवडा, खारे दाणे, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत बरोबर असू द्या. घरात कोणी रक्तदाबासाठी पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी घेत असेल तर डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. ओठांना आणि नाकाच्या आत थोडं व्हॅसलिन लावलं तर लहान मुलांचा घोळणा फुटत नाही.

शिवाय मोठ्या दातांचा एक स्वस्त कंगवा आणि एक चिमटा खिशात. कशासाठी ते पुढे येईल.

घड्याळाचंही सांगून ठेवते. अ‍ॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाही. मार्चअखेरीला कॅलिफोर्नियाहून आलात तर वेळ तीच. न्यू मेक्सिकोहून आलात तर एक तास मागे.

पहाट : सुवारो राष्ट्रीय उद्यान, पश्चिम भाग

या उद्यानाचे दोन तुकडे आहेत, एक शहराच्या पूर्वेला, एक पश्चिमेला. एकाकडून दुसरीकडे जायला सुमारे एक तास लागतो. फोनच्या नकाशात नुसतं उद्यानाचं नाव टाकलं तर तो कुठल्याही तुकड्याकडे नेतो, म्हणून पश्चिमेकडचं 'रेड हिल्स' माहिती केंद्र असं नाव टाकावं. प्रवेश गाडीमागे २५ डॉलर, सात दिवस चालतो, आणि तोच दोन्ही भागांना चालतो. माहिती केंद्र नंतर उघडतं, पण रस्ता सूर्योदयापासून मोकळा असतो. मार्चअखेरीला सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो. शहरातून निघायला साडेपाच.

आत 'बहादा लूप' नावाचा सहा मैलांचा कच्चा रस्ता आहे. बहादा म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी पावसाने आणून टाकलेल्या खडी-मुरुमाचा उतार. रस्त्याचा काही भाग एकेरी आहे आणि पत्र्यासारखा नालीदार झालेला आहे. साधी सेदान चालते, पण ताशी १०-१५ मैलांच्या वर गेलात तर दात वाजतात आणि मागच्या गाडीला नुसती धूळ दिसते.

सूर्य वर आला की त्याच्याकडे तोंड करून बघायचं. प्रत्येक सुवारोच्या कडेला काट्यांची पांढरी रेघ पेटल्यासारखी दिसते. पंधरा-वीस मिनिटांचा खेळ असतो, नंतर सगळं साधं हिरवं.

सुवारोच्या जवळ गेलं की आधी घड्या दिसतात. हार्मोनियमच्या भात्यासारख्या उभ्या. पाऊस पडला की मुळं पाणी ओढतात, भाता फुगतो. महिनोन् महिने कोरडे गेले की मिटतो. मुळं बहुतेक जमिनीखाली चार-पाच इंचांवरच, पण झाडाच्या उंचीइतकी लांब पसरलेली. त्यामुळे पाच मिनिटांची सर आली तरी ती वाया जात नाही. आत लाकडी फासळ्यांचा पिंजरा असतो. मेलेला सुवारो बघितला की तो उघडा पडलेला दिसतो, बांबूची मोळी उभी करून ठेवावी तसा.

वाढ मात्र अशी की पहिल्या आठ वर्षांत जेमतेम एक ते दीड इंच. साधारण पस्तिशीला पहिलं फूल. पहिला हात फुटायला ५० ते ७० वर्षं. चाळीस फुटी, चार-पाच हातांचं झाड दिसलं तर ते आजोबांच्या आजोबांच्या वेळचं. एवढं-एवढंसं रोप उन्हात तग धरत नाही, म्हणून बी बहुतेक पालो वेर्दे किंवा मेस्कीटसारख्या झाडाखाली रुजतं. हिरव्या सालीच्या पालो वेर्देखाली वाकून बघा, मुठीएवढा सुवारो सापडतो. मुलांना ही शोधाशोध चांगली पुरते. (सावली मात्र सुवारोची धरू नका. ती खांबाएवढीच असते आणि दर पाच मिनिटांनी सरकते.)

खोडावर गोल भोकं दिसतात ती गिला सुतारपक्ष्याची. तो भोक पाडतो आणि काही महिने वाट बघतो, तोवर निवडुंग आतून जखमेवर कडक साल धरतो. मग घरटं. तो सोडून गेला की तिथे चिमुकलं एल्फ घुबड राहायला येतं, जेमतेम सहा इंचांचं. झाड मरून कुजलं तरी ती कडक साल मागे उरते, बुटाच्या आकाराची. तिला इथे 'सुवारो बूट' म्हणतात.

याच रस्त्यावर सिग्नल हिलची छोटी चढण आहे, जाऊन-येऊन अर्धा मैल. माथ्यावरच्या काळपट खडकांवर होहोकाम लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी चक्रं, माणसं, शिंगांचे प्राणी कोरलेत. सगळ्यात मोठं चित्र भोवऱ्यासारख्या गुंडाळीचं. रत्नागिरीकडची कातळशिल्पं पाहिली असतील तर तुलना होतेच. आपल्याकडे जांभ्याच्या आडव्या सड्यावर खोदकाम आहे, इथे उभ्या खडकावर ऊन-वाऱ्याने चढलेला गडद थर टोचून आतला फिका दगड उघडा केलाय. हात लावायचा नाही, त्वचेच्या तेलाने तो थर बिघडतो. खडकांच्या सापटीतही हात घालायचा नाही, मार्चपासून खुळखुळ्या साप उन्हाला बाहेर येतात. खाली बसायला दगडी टेबलं आहेत, १९३० च्या दशकातल्या सरकारी रोजगार योजनेत बांधलेली. संडास आहे, पाणी नाही. दशम्या-चटणीचा नाश्ता इथे करावा.

आजी-आजोबांना चढण नको असेल तर माहिती केंद्राजवळ 'डेझर्ट डिस्कव्हरी' ही अर्ध्या मैलाची डांबरी पायवाट आहे. चाकाची खुर्चीही चालते.

आता कंगवा

या भागात चोया नावाचा निवडुंग आहे. टेडी बेअरसारखा गुबगुबीत, सोनेरी, उन्हात मऊ लोकर वाटणारा. त्याची कांडी जरा धक्का लागला की तुटते आणि कापडाला, कातडीला चिकटते. लोक म्हणतात तो उडी मारतो. उडी-बिडी मारत नाही, पण काट्यावर सूक्ष्म उलटे आकडे असतात, त्यामुळे काटा आत जाताना सहज जातो आणि निघताना मांस ओढतो.

पहिली चूक सगळेच करतात : दुसऱ्या हाताने धरून ओढायला जातात. मग दोन्ही हात अडकतात. योग्य रीत अशी. माणसाला जागेवर उभं करा. कंगव्याचे दात कांडी आणि कातडी यांच्या मधून, काट्यांत सरकवा. समोर कोणी नाही ना बघा, आणि एका झटक्यात कांडी बाहेरच्या दिशेला उडवा. हळूहळू ओढलं तर जास्त दुखतं. उरलेले काटे चिमट्याने, ज्या दिशेने घुसलेत त्याच रेषेत मागे ओढून काढा. बुटाच्या तळव्यात रुतलेला काटा चिमट्याने येत नाही, त्याला पक्कड लागते. आणि उडवलेली कांडी कुठे पडली ते बघून ठेवा, कारण हमखास तिच्यावरच कोणीतरी बसतं.

फड्या निवडुंगाचं उलट. त्याचे मोठे काटे दिसतात, म्हणून लागत नाहीत. ठिपक्या-ठिपक्यांवर जी तपकिरी कूस असते ती वैतागाची. बोट लावलं की शंभर केस घुसतात आणि चोळलं की तुटून आत राहतात. चोळू नका. पांढरा डिंक पातळ थराने लावा, पूर्ण वाळू द्या, मग सालीसारखा सोलून काढा. उरलेल्यांना चिमटा.

हा फड्या आपल्या ओळखीचा, माळावर, बांधाला लाल बोंडांचा. पण तो मूळचा अमेरिकेचाच, आपल्याकडे बाहेरून आला. आणि कोकणात, घाटात आपण ज्याला त्रिधारी निवडुंग म्हणतो, तो चीक गळणारा, मुळात कॅक्टसच्या कुळातला नाही. आजोबांना हे पटायला दुपार झाली.

सकाळी ९ : वाळवंट संग्रहालय

उद्यानापासून पाच मिनिटांवर अ‍ॅरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियम आहे. नाव संग्रहालय, पण बहुतेक सगळं उघड्यावर : ९८ एकर, दोन मैलांच्या वाटा, प्राणी, निवडुंगबाग, खनिजांचं दालन. १९५२ पासूनचं. तिकीट स्वस्त नाही, पण दोन पिढ्यांना एकाच ठिकाणी रमवणारं दुसरं काही आसपास नाही. उघडण्याच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, तेवढ्या आदल्या दिवशी बघा. चाकाची खुर्ची आत मिळते.

आधी प्राणी, मग झाडं, शेवटी बंदिस्त दालनं, असा क्रम ठेवायचा. कोल्हे, डोंगरी सिंह, हावेलीना सकाळीच हालचाल करतात. हावेलीना रानडुकरासारखा दिसतो पण डुकराच्या कुळातला नाही, आणि त्याचा वास तो दिसायच्या आधी येतो. हमिंगबर्डच्या पिंजऱ्यात आपण आत जाऊन उभं राहायचं असतं. हलू नका, लाल टोपी घाला. पक्षी कानाशी येऊन गुणगुणतात. कृत्रिम गुहेत मुलांनी रांगत जायची एक वाट आहे. मोठ्यांनी तिच्या नादाला लागू नये.

हिवाळ्यात, साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, शिकारी पक्षी मोकळे उडवून दाखवतात. सकाळच्या खेळाला अर्धा तास आधी कठड्याशी जागा धरा. दोरी नाही, जाळी नाही. हॅरिस हॉक डोक्यावरून इतक्या जवळून जातो की पंखांचा वारा केसांना लागतो. म्हणून हात वर करायचा नाही, लहान मूल खांद्यावर घ्यायचं नाही, खाणं बंद. शिकारी पक्षी सहसा एकटे, पण हे कुटुंबाने शिकार करतात. सुवारोच्या टोकाला जागा एकाचीच असली तर दुसरा पहिल्याच्या पाठीवर उभा राहतो. लोकलच्या प्रवाशांना यात नवल वाटणार नाही.

वाटेत क्रिओसोटची झुडपं लागतील, छोट्या चकचकीत पानांची, दिसायला अगदी सामान्य. एक डहाळी न तोडता दोन्ही ओंजळींत धरा, तोंडाने ओलसर वाफ सोडा आणि हुंगा. टूसॉनच्या पहिल्या पावसाचा वास हाच. आपल्याकडे तो मातीला येतो, इथे या झुडपाला.

बाराच्या आत बाहेर पडा.

दुपारी १ : सान साविएर, आणि गोव्याचं नातं

शहराच्या दक्षिणेला तोहोनो ओओधाम या मूळ रहिवासी लोकांच्या जमिनीवर एक पांढरं चर्च मैलांवरून दिसतं. सान साविएर देल बाक. 'बाक' म्हणजे त्यांच्या भाषेत वाळूत गुप्त झालेलं नदीचं पाणी पुन्हा वर येतं ती जागा. १६९२ मध्ये एउसेबियो किनो हा जेझुइट पंथाचा धर्मगुरू इथे आला. सध्याची इमारत १७८३ ते १७९७ मधली, म्हणजे पेशवाईतली. उजवा मनोरा अर्धवटच राहिला, त्याला घुमट नाही.

ज्या संताच्या नावाचं हे चर्च आहे तो फ्रान्सिस झेवियर, म्हणजे आपला गोंयचो सायब. त्याचं शव जुन्या गोव्यात बॉम जेझुसच्या बॅसिलिकात आहे. इथे, अर्ध्या पृथ्वीपलीकडे, डावीकडच्या कोनाड्यात त्याची आडवी निजलेली लाकडी मूर्ती आहे, पांघरूण घातलेली. लोक रांगेने येतात, चादरीवर हात-पाय-हृदयाचे चिमुकले पत्रे टाचतात, हलकेच मूर्तीचं डोकं उचलतात. मन साफ नसेल तर ते उचलत नाही अशी समजूत. ३ डिसेंबरला गोव्यात फेस्त असतं, त्याच दिवशी इथेही सण. गोव्यातल्या शवाचं दर्शन २०२४-२५ मध्ये झालं, त्यासाठी रांगेत उभे राहिलेले कोणी बरोबर असतील तर या कोनाड्यापुढून ते लवकर हलणार नाहीत.

मुलांना दर्शनी भागावरचं मांजर आणि उंदीर शोधायला सांगा. दोघं दोन बाजूंना, एकमेकांकडे तोंड करून. मांजराने उंदीर पकडला की जग बुडणार, असं गावात म्हणतात. चर्च चालतं आहे, प्रार्थना सुरू असताना फोटो काढू नयेत, टोपी काढावी. प्रवेशाला पैसे नाहीत, दानपेटी आहे.

भिंतींचाही एक किस्सा ऐकण्यासारखा. विसाव्या शतकात बाहेरून सिमेंटचा गिलावा दिला. सिमेंट श्वास घेत नाही, आत मुरलेलं पाणी अडकलं आणि विटा भुसभुशीत व्हायला लागल्या. शेवटी सिमेंट खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा केला, त्यात फड्या निवडुंगाचा चिकट रस मिसळून. आपल्याकडे वाड्यांच्या चुन्यात गूळ, बेलफळ घालायचे. तोच विचार.

समोरच्या पटांगणात झावळ्या-काटक्यांच्या मांडवाखाली स्थानिक बायका फ्रायब्रेड तळतात. गोळा हाताने थापून ताटलीएवढा करतात, तेलात सोडला की भटुऱ्यासारखा फुगतो. वर शिजवलेल्या घेवड्याचा लगदा आणि चीज, किंवा मध, किंवा पिठीसाखर. एक दोघांना पुरतो. सुटे पैसे रोख ठेवा. शनिवार-रविवारी जास्त गाड्या असतात. मूळची ही चैन नव्हे. जमिनी गेलेल्या लोकांना सरकारी शिध्यात मैदा आणि चरबी मिळायची, त्यातून हा पदार्थ आला.

शाकाहारी मंडळींनी स्पॅनिशमधले दोन प्रश्न पाठ करावेत. घेवड्यात डुकराची चरबी असू शकते, म्हणून विचारायचं, 'तिएने मान्तेका?' भात अनेकदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात, म्हणून 'काल्दो दे पोयो?' उत्तर 'सी', म्हणजे 'हो', आलं तर तो पदार्थ सोडून पुढे. शहरात चीज क्रिस्प हमखास चालतो : रुमाली रोटीएवढी पातळ मैद्याची पोळी कडक भाजून वर चीज. १८५४ पर्यंत हा मुलूख मेक्सिकोतल्या सोनोरात होता आणि गहू तिथूनच रुजला, म्हणून इथे मक्यापेक्षा मैद्याच्या पोळ्यांचा थाट. आणि रस्पाडो दिसला तर थांबा. तो म्हणजे आपला बर्फाचा गोळा, कपात, आंब्याच्या फोडी आणि तिखट-लिंबू मारून.

तीन ते पाच हॉटेलवर झोप. यात वेळ वाया जात नाही.

उन्हाळ्यात याल तर

इथल्या पावसालाही मान्सूनच म्हणतात. अधिकृत तारखा १५ जून ते ३० सप्टेंबर. दुपारी ढग चढतात, तासाभरात कोसळतात. रस्त्यात जागोजागी कोरडे ओढे आडवे येतात, त्यांना 'वॉश' म्हणतात. डोक्यावर ऊन असलं तरी दूर डोंगरात पडलेलं पाणी त्यातून अचानक लोंढ्याने येतं. रस्त्यावर अडथळा लावलेला असताना गाडी पाण्यात घातली आणि अडकलात तर सुटकेचा खर्च तुमच्याकडून वसूल करायचा कायदा आहे. त्याला लोक सरळ 'मूर्ख चालकांचा कायदा' म्हणतात. महामार्गावर धुळीची भिंत येताना दिसली तर रस्त्यापासून जमेल तितकं बाजूला थांबा, सगळे दिवे बंद, हातब्रेक लावून पाय ब्रेकवरून काढा. दिवा दिसला की मागचा त्याला चालती गाडी समजून येऊन आदळतो.

संध्याकाळ : गेट्स पास

शहराच्या पश्चिमेच्या डोंगरातली ही खिंड. रस्ता अरुंद, वळणाचा. २५ फुटांहून लांब गाड्यांना मनाई. सूर्यास्त पावणेसातच्या जरा आधी, पण गाडी लावायला पावणेसहालाच पोचा. समोर सुवारोंनी भरलेले उतार, पलीकडे सपाट खोरं. सूर्य टेकला की निम्मे लोक गाड्या सुरू करतात. तुम्ही वीस मिनिटं बसा, खरा लाल रंग त्यानंतर चढतो आणि सुवारो काळे होतात. जॅकेट जवळ ठेवा. सूर्य गेल्यावर गारवा घाईने येतो.

एवढ्या मोठ्या शहराच्या मानाने तारे बरेच दिसतात. आसपासच्या डोंगरांवर वेधशाळा आहेत, म्हणून १९७२ पासून टूसॉनमध्ये रस्त्यावरच्या दिव्यांना नियम आहेत, उजेड खाली पडला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळ मोकळी असेल तर

माउंट लेमन, ९,१५९ फूट. शहराच्या कडेपासून वर २७ मैलांचा घाट. खाली सुवारो, मग ओक, मग पाइन, शेवटी फर. मार्चमध्ये खाली चपला आणि वर बर्फ असा प्रकार होतो, हातमोजे घ्या. विंडी पॉइंटला दगडांचे सुळके बघायला थांबा, तिथे टोपी उडते. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा आणि उतरताना खालचा गिअर टाका, नुसत्या ब्रेकवर उतरलात तर जळका वास येतो. वर पेट्रोल मिळत नाही. टाकी खालीच भरून घ्या.